गाता गाता सूर मोजायचा तर: लाइव्ह पिच आणि पार्शल शोधण्याच्या पद्धती

मोबाइलवरच्या ट्यूनरसमोर गायलं की सुई पटकन जागेवर येते. तीच सुई तंबोऱ्याच्या खर्जासमोर धरली की भिरभिरते, कधी पंचम दाखवते, कधी चक्क गांधार. अशा वेळी बहुतेक जण ॲप बदलतात. त्यापेक्षा आत कोणती पद्धत चालते आणि ती कोणत्या आवाजासाठी बनली आहे, हे पाहणं जास्त फायद्याचं. गाणाऱ्याचा आलेख पडद्यावर काढायचा असेल, तंबोरा लावायला मदत हवी असेल किंवा आवाजावरून दुसरं वाद्य वाजवायचं असेल, तर पद्धत निवडण्याचं काम टाळता येत नाही. थोडंफार प्रोग्रॅमिंग येणाऱ्या आणि सुरांची ओळख असणाऱ्या, पण या विषयात नव्याने उतरणाऱ्या वाचकासाठी हा लेख आहे. सगळी उदाहरणं काळी एकच्या सा ची घेतली आहेत: मध्य सा १३८.५९ हर्ट्झ, खर्ज ६९.३०, मंद्र पंचम १०३.९४. सॅम्पल रेट सगळीकडे ४८,०००.

पायरी १: काय हवंय आणि किती लवकर हवंय

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि नवीन माणूस ते हमखास एकत्र करतो. पहिला प्रश्न: आत्ता कोणता सूर लागलाय? त्याचं उत्तर एक आकडा असतो. दुसरा प्रश्न: या आवाजात कोणकोणती कंपनं आहेत आणि प्रत्येकाचा जोर किती? त्याचं उत्तर एक यादी असते. या यादीतल्या एकेका कंपनाला पार्शल म्हणतात. पार्शल मूळ कंपनाच्या पूर्ण पटीत असले, तर ते हार्मोनिक. गाण्याच्या आलेखाला पहिला प्रश्न पुरतो. तंबोऱ्याची जवारी समजून घ्यायला किंवा तबल्याच्या शाईचा परिणाम पाहायला दुसराच विचारावा लागतो.

त्यानंतर वेळ. आवाजाचं एक आवर्तन पूर्ण होईपर्यंत कोणतीही पद्धत त्याची लांबी सांगू शकत नाही. खर्जाचं एक आवर्तन १४.४ मिलिसेकंदांचं आहे. लाटेची पुनरावृत्ती शोधणाऱ्या पद्धतींना साधारण दोन आवर्तनं लागतात. विंडो म्हणजे मोजायला घेतलेला आवाजाचा तुकडा. त्याच्या कडा हळूहळू विझवतात, आणि हान व ब्लॅकमन हे विझवण्याचे दोन आकार. पार्शल वेगळे पाडणाऱ्या पद्धतींना नेहमीच्या हान विंडोसह चार आणि ब्लॅकमन विंडोसह सहा. म्हणजे खर्जाचे पार्शल वेगळे दिसायला हानने ५८ मिलिसेकंद, ब्लॅकमनने ८७. प्रोसेसर कितीही वेगवान घेतला तरी हा वेळ कमी होत नाही, कारण तेवढा आवाज अजून झालेलाच नसतो.

यातून एक व्यवहारी सवय लागते: सगळ्यात खालचा सूर कोणता येणार, हे आधी ठरवून टाकायचं. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचा सा २३३ हर्ट्झ. त्या मंद्र पंचमापर्यंत उतरल्या तरी १७५. खालची मर्यादा ११० ठेवली तरी भरपूर सवड राहते, आणि दोन आवर्तनांसाठी १८ मिलिसेकंद पुरतात. मर्यादा उगाच ४० हर्ट्झवर ठेवली, तर त्याच कामाला ५० मिलिसेकंद जातात आणि खालच्या सप्तकातले खोटे सूरही जास्त येतात.

पडद्यावर आलेख दाखवायचा असेल तर ५०-६० मिलिसेकंदांचा उशीर कुणाला खटकत नाही. आवाजावरून सिंथ वाजवायचा असेल तर तोच उशीर गाणाऱ्याला अस्वस्थ करतो.

पायरी २: आवाज आत नीट येऊ द्या

माझ्या मते नवशिक्यांच्या निम्म्या अडचणी इथेच असतात, आणि खापर मात्र अल्गोरिदमवर फुटतं. ब्राउझरमध्ये माइक उघडला की एको कॅन्सलेशन, नॉइज सप्रेशन आणि ऑटो गेन हे तिन्ही बहुधा आपोआप चालू असतात. ही सोय बोलण्यासाठी केलेली आहे. अखंड चालणारा तंबोरा तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो कुरतडायला लागते. माइक मागतानाच तिन्ही बंद करा. अँड्रॉइडवर प्रक्रिया न केलेला आवाज मागायचा पर्याय असतो, तो वापरा. ब्लूटूथ माइक किंवा इअरफोन या कामाला घेऊच नका. त्यांचा उशीर बाकी सगळ्या उशिरापेक्षा मोठा असतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची घूं १०० आणि १५० हर्ट्झवरही येते. आपला मंद्र पंचम १०३.९४ वर आहे, घूं त्याच्या फक्त ६७ सेंट खाली. गाणं सुरू होण्याआधी नुसती शांतता रेकॉर्ड करून तिचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या कंपनाचा जोर किती याचा आलेख, बघा. तिथे १०० वर शिखर दिसलं तर लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा बघा.

लहान माइक खालची कंपनं बरीच गाळतो. खर्जाचं ६९ हर्ट्झचं मूळ कंपन जवळजवळ नाहीसं होऊ शकतं आणि तरी कानाला खर्जच ऐकू येतो, कारण १३९, २०८, २७७ अशा पटी एकत्र आल्या की त्यांची समाईक पुनरावृत्ती ६९ चीच राहते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच निर्णायक ठरते.

पायरी ३: कसोटीचे आवाज आधी बनवा

थेट माइकवर प्रयोग सुरू केला की काय चुकतंय ते कळत नाही, कारण खरं उत्तर काय होतं हेच माहीत नसतं. म्हणून आधी खरं उत्तर ठाऊक असलेले आवाज तयार करायचे. साधी साइन लाट १३८.५९ ची. मग दहा हार्मोनिकांची बेरीज, आणि तीच बेरीज मूळ कंपन काढून. मग सा पासून पंचमापर्यंत अर्ध्या सेकंदात जाणारी मींड. मग एका क्षणी सा वरून थेट तार सा वर उडी, जिच्यामुळे उशीर मोजता येतो. शेवटी यातल्या प्रत्येकात थोडा नॉइज आणि थोडा खरा तंबोरा मिसळलेल्या प्रती.

मोजमाप सेंटमध्ये करा, हर्ट्झमध्ये नको. मिळालेली कंपनसंख्या भागिले खरी कंपनसंख्या, तिचा दोनच्या पायावरचा लॉगरिदम, गुणिले १२००. शंभर सेंट म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. शोधनिबंधांत ५० सेंटांच्या आत आलेलं उत्तर बरोबर धरण्याची पद्धत आहे. रागसंगीतासाठी ही सवलत फार ढिली आहे. हार्मोनियमचा शुद्ध गांधार ४०० सेंटांवर बसतो आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा ३८६ वर. ५० सेंटांच्या मापाला हा फरक दिसणारच नाही. मी १० सेंट धरतो. सप्तकाची चूक वेगळ्या रकान्यात मोजा, आणि शांतता किंवा व्यंजन असताना सूर दाखवला तर ती चूक तिसऱ्या रकान्यात. तिन्ही एकत्र केल्या की कोणती पद्धत कुठे कच्ची आहे ते झाकलं जातं.

पायरी ४: एका सुरासाठी यिन आणि एमपीएम

इथूनच सुरुवात करा. दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे: लाटेची प्रत काढायची, ती थोडी थोडी सरकवायची आणि कितव्या सॅम्पलवर ती मूळ लाटेशी जुळते ते बघायचं.

यिन ही आलँ द शव्हेन्ये आणि हिदेकी कावाहारा यांनी २००२ मध्ये मांडलेली पद्धत. सरकवलेली प्रत मूळ लाटेतून वजा करायची, फरकाचे वर्ग करून बेरीज घ्यायची. जिथे बेरीज शून्याजवळ येते तिथे आवर्तन पूर्ण झालं. आपल्या सा साठी ही दरी सुमारे ३४६ व्या सॅम्पलवर येते. पण ६९३ वरही तेवढीच खोल दरी असते आणि १०३९ वरही, कारण दोन आणि तीन आवर्तनांनंतरही लाट जुळतेच. सगळ्यात खोल दरी निवडली तर नॉइजच्या लहरीवर कधी सा मिळतो, कधी खर्ज. यिनने यावर दोन उपाय केले. प्रत्येक बेरजेला तोवरच्या सरासरीने भागलं, त्यामुळे शून्य सरकवणीची निरर्थक दरी निघून गेली. आणि सगळ्यात खोल दरीऐवजी ठरावीक पातळीखाली जाणारी पहिली दरी घेतली. मूळ निबंधात ही पातळी ०.१ आहे, गळ्यासाठी ०.१५ पर्यंत नेली तरी चालते.

आता एक बारकावा, जो नवीन कोडमध्ये सर्रास सुटतो. ३४६ सॅम्पल म्हणजे १३८.७३ हर्ट्झ आणि ३४७ म्हणजे १३८.३३. दोन्हींत पाच सेंटांचा फरक, तो निभावून जाईल. पण अतितारातला सा, ५५४ हर्ट्झ, घ्या. त्याचं आवर्तन ८६.६ सॅम्पलांचं. ८६ आणि ८७ यांत तब्बल २० सेंटांचं अंतर आहे. पूर्णांकावर थांबलात तर वरच्या सुरांना पायऱ्या पडतात आणि गाणारी व्यक्ती स्थिर असूनही आलेख उड्या मारतो. उपाय सोपा: दरीचा तळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बिंदू घेऊन त्यांतून पॅराबोला काढायचा आणि त्याचा खरा तळ घ्यायचा. हे तीन-चार ओळींचं काम आहे आणि ते केल्याशिवाय यिनची कुणाशीही तुलना करू नये.

एमपीएम ही फिलिप मॅक्लाउड आणि जेफ वायव्हिल यांची २००५ ची पद्धत, टार्टिनी या प्रोग्रॅममधली. ती दऱ्यांऐवजी शिखरं बघते. लाटेच्या जुळणीचं माप उणे एक ते अधिक एक यांत बसवते, सगळ्यात उंच शिखर शोधते आणि त्याच्या उंचीच्या ठरावीक भागाइतकं तरी उंच असलेलं पहिलं शिखर निवडते. हा भाग ०.८ ते १ यांमध्ये ठेवतात, ०.९ पासून सुरुवात करा. या पद्धतीतून निवडलेल्या शिखराची उंचीही हाती येते, आणि ती स्वच्छतेचं सरळ माप असते. ०.९५ असेल तर सूर पक्का, ०.५ असेल तर तिथे बहुधा स किंवा क सारखं व्यंजन आहे. यिनमध्येही दरीची खोली तेच सांगते. हा दुसरा आकडा फेकू नका. तो कमी असेल तिथे आलेखात रेघ तोडा.

दोघांत निवड? आवाज स्वच्छ असेल तर फरक नाममात्र. मला एमपीएम आवडते, कारण तिची निवड त्या क्षणी मिळालेल्या सर्वांत उंच शिखराच्या तुलनेत होते, त्यामुळे आवाज खालावत गेला तरी ती तग धरते. यिनची पातळी ठाम असल्याने श्वासमिश्रित आवाजात ती लवकर हात वर करते. उलट, खोटा सूर दाखवण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं असेल तिथे यिन. दोघीही मूळ कंपन गाळलेल्या खर्जाला बरोबर ओळखतात, कारण त्या पुनरावृत्ती बघतात, एखाद्या कंपनाचा जोर नाही.

कामाचा बोजा: ६० हर्ट्झपर्यंत शोधायचं तर ८०० सरकवण्या, प्रत्येकीत ८०० वजाबाक्या. दर २५६ सॅम्पलांनी हे केलं तर सेकंदाला सुमारे १२ कोटी क्रिया. लॅपटॉपला ही किरकोळ गोष्ट आहे, छोट्या मायक्रोकंट्रोलरला नाही. तिथे एफएफटीच्या (स्पेक्ट्रम काढण्याच्या वेगवान गणिताच्या) मदतीने तीच बेरीज काढणारं रूप वापरा. ऑबिओ या लायब्ररीत ते यिनफास्ट नावाने आहे. ऑबिओत नाव बदललं की पद्धत बदलते, म्हणून तुलनेसाठी ती फार सोयीची.

पायरी ५: स्पेक्ट्रमवरून सूर

नवीन माणूस सहसा इथून सुरू करतो: एफएफटी काढायची, सर्वांत उंच शिखर म्हणजे सूर. असं करू नका. ४०९६ सॅम्पलांच्या एफएफटीत एक बिन, म्हणजे स्पेक्ट्रमचा एक कप्पा, ११.७ हर्ट्झचा असतो आणि आपल्या सा पासून कोमल रिषभाचं अंतर ८.२ हर्ट्झ. शिवाय सर्वांत उंच शिखर मूळ कंपनाचं असेलच असं नाही. गळ्यात ते स्वराकारानुसार बदलतं, आ गाताना एक आणि ई गाताना दुसरं. खर्जासमोर ट्यूनर गांधार दाखवतो तो यामुळेच: खर्जाचा पाचवा हार्मोनिक ३४६.५ हर्ट्झ, तोच तंबोऱ्यातला स्वयंभू गांधार, आणि तो बऱ्याचदा मूळ कंपनापेक्षा जोरात असतो.

यावर जुने उपाय आहेत. हार्मोनिक प्रॉडक्टमध्ये स्पेक्ट्रम दोन, तीन, चार पट आखडून एकमेकांशी गुणतात. सेप्स्ट्रममध्ये स्पेक्ट्रमच्या लॉगरिदमचा पुन्हा स्पेक्ट्रम घेतात. मायकल नॉल यांनी १९६७ मध्ये बोलण्याचा सूर शोधायला तो वापरला. दोन्ही शिकायला उत्तम. एका गळ्याच्या लाइव्ह कामात मात्र यिनसमोर त्या टिकत नाहीत: गुणाकारात एक हार्मोनिक गायब झाला की सगळं शून्याकडे जातं, आणि सेप्स्ट्रमला वरच्या सुरांत पुरेसे हार्मोनिक मिळत नाहीत.

पायरी ६: पार्शल शोधणं

यासाठी स्पेक्ट्रमला पर्याय नाही, फक्त तो नीट वाचावा लागतो. विंडो हान किंवा ब्लॅकमन घ्या. विंडो न लावता काढलेल्या एफएफटीत मोठ्या शिखराच्या आजूबाजूला खोटी शिखरं उगवतात, पहिलं तर अवघं १३ डेसिबल खाली. हानमध्ये तेच ३१ डेसिबल खाली जातं, ब्लॅकमनमध्ये ५८. तंबोऱ्याचे विसावे-तिसावे पार्शल बघायचे तर ब्लॅकमनच हवी.

शिखर सापडलं की त्याची नेमकी जागा काढायच्या दोन रीती आहेत. पहिली पॅराबोलाची, यिनसारखीच, फक्त इथे उंची डेसिबलमध्ये घ्यायची. दुसरी फेजची: लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये (एकामागून एक घेतलेल्या तुकड्यांमध्ये) त्या बिनचा कोन किती फिरला ते बघायचं आणि त्यावरून खरी कंपनसंख्या काढायची. फेज व्होकोडर याच तत्त्वावर चालतो. ५१२ सॅम्पलांच्या अंतराने फ्रेम घेतल्या तर कोनातली संदिग्धता ४७ हर्ट्झपलीकडे सुरू होते आणि आपला बिन ११.७ चा आहे, म्हणून ही रीत बिनधास्त चालते. स्थिर सुरासाठी फेज जास्त अचूक. मींडेत दोन्ही डगमगतात: अर्ध्या सेकंदात ७०० सेंटांची मींड घेतली तर २०४८ सॅम्पलांच्या एका विंडोतच सूर ६० सेंट सरकतो, आणि दहाव्या हार्मोनिकाच्या जागी हे सरकणं ४९ हर्ट्झचं होतं, म्हणजे दोन बिन. ते शिखर पसरट दिसणारच.

त्यानंतर जोडणी. या फ्रेममधलं शिखर मागच्या फ्रेममधल्या कोणत्या शिखराचं पुढचं रूप? रॉबर्ट मॅकऑले आणि थॉमस क्वातिएरी यांनी १९८६ मध्ये दिलेला नियम आजही पुरतो: सर्वांत जवळच्या शिखराशी जोडा, जवळ कुणी नसेल तर नवा माग सुरू करा, ज्या मागाला पुढे कुणी मिळालं नाही तो संपवा. माझी एक पुस्ती: माग सुरू झाल्यावर तीन-चार फ्रेम टिकल्याशिवाय तो दाखवू नका. नॉइजचे अल्पजीवी माग त्यातच गळतात.

हे सगळं स्वतः लिहिण्याआधी प्युअर डेटा या मोफत प्रोग्रॅममधला सिगमंड हा ऑब्जेक्ट चालवून बघा. तो सूर, शिखरं आणि माग तिन्ही देतो, तेही लाइव्ह.

आता तंबोऱ्याकडे, कारण पार्शल शोधण्याचा खरा आनंद तिथे आहे. समजा जोडाच्या, म्हणजे मध्य सा च्या, दोन तारा अर्ध्या हर्ट्झने वेगळ्या आहेत, म्हणजे सहा सेंटांनी. मूळ कंपनाजवळ हे दोन आवाज वेगळे पाडायला अनेक सेकंदांची विंडो लागेल. तेवढ्यात तार विझत येते. पण दहाव्या पार्शलपाशी तोच फरक पाच हर्ट्झ होतो. तिथे त्या पार्शलचा जोर सेकंदाला पाच वेळा कमी-जास्त होताना स्पष्ट दिसतो. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यात वरचे पार्शल जोरकस असतात, म्हणून कान तारा इतक्या बारकाईने जुळवू शकतो. आणि म्हणून प्रोग्रॅमनेही तिथेच बघावं. तार जिथे छेडतो त्या बिंदूपाशी ज्या पार्शलचा स्थिर बिंदू येतो, ते पार्शल नेहमीच्या तारेत उमटू नयेत. तंबोऱ्यात आणि वीणेत घोडीमुळे तेही उमटतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं होतं.

करायचं असं. खर्ज आणि पंचमाच्या तारांवर बोट ठेवून त्या दाबा, नाहीतर खर्जाचा विसावा पार्शल आणि जोडाचा दहावा एकाच जागी, १३८६ हर्ट्झवर, येऊन गोंधळ करतात. दोन्ही जोड छेडा. छेडल्यानंतरचे पहिले दोनेकशे मिलिसेकंद सोडून द्या, कारण ताणामुळे सूर क्षणभर चढा असतो. १३८६ च्या साइन आणि कोसाइनने आवाज गुणा आणि सुमारे ५० मिलिसेकंदांची सरासरी घेत राहा. मिळालेल्या जोडीची लांबी म्हणजे त्या पार्शलचा जोर. तो पडद्यावर रेघेने दाखवा आणि मणी सरकवत जा. लाटा रुंद होत होत रेघ सपाट उतरत जाईल. एकच तार छेडली, तर जोडीचा कोन पाहा: तो सेकंदात एक फेरी मारत असेल तर ती तार दहाव्या पार्शलपाशी एक हर्ट्झने चुकली आहे, आणि फेरीची दिशा चढी की उतरी ते सांगते. स्ट्रोब ट्यूनर हेच करतो. कुठे बघायचं हे आधीच माहीत असताना अख्ख्या स्पेक्ट्रमची गरजच पडत नाही, आणि फोनच्या बॅटरीलाही हे परवडतं.

पायरी ७: गळा आणि तंबोरा एकत्र

इथे सगळ्यात जास्त निराशा पदरी येते, आणि तिचं कारण उलटं आहे: तंबोरा जितका सुरेल लागलेला, तितकं काम अवघड. खर्ज ६९.३०, पंचम १०३.९४, सा १३८.५९. हे तिन्ही ३४.६५ च्या पटीत आहेत. गाणारा नेमक्या सा वर आला की अख्खं मिश्रण ३४.६५ किंवा ६९.३० च्या आवर्तनात बसतं आणि यिन प्रामाणिकपणे खर्ज दाखवते. गळ्याचे आणि तंबोऱ्याचे पार्शल एकमेकांवर बसलेले असतात, त्यामुळे स्पेक्ट्रममध्येही ते वेगळे दिसत नाहीत.

पहिला उपाय अल्गोरिदमचा नाही. रियाजात तंबोरा इअरफोनमध्ये घ्या, तारेचा इअरफोन, आणि माइकला फक्त गळा ऐकू द्या. ते जमत नसेल तर माइक तोंडाजवळ आणा आणि तंबोरा त्याच्या मागच्या बाजूला ठेवा. आवाजातला फरक मोठा असला की एमपीएमसुद्धा निभावून नेते. यिनची खालची मर्यादा गाणाऱ्याच्या खालच्या सुरापाशी आणली की खर्जाची उत्तरं आपोआप बंद होतात.

मैफलीचं रेकॉर्डिंग असेल, हार्मोनियम आणि तबलाही असेल, तर टू-वे मिसमॅचकडे वळा. रॉबर्ट मेहर आणि जेम्स बोशाँ यांची १९९४ ची ही पद्धत सापडलेल्या शिखरांवरून सूर ठरवते आणि हिशेब दोन्हीकडून करते. समजा उमेदवार सूर १३८.५९ आहे. त्याचे जे हार्मोनिक असायला हवेत, ते शिखरांत सापडतात का? आणि जी शिखरं आहेत, ती या सुराच्या हार्मोनिकांजवळ आहेत का? एकाच बाजूने पाहिलं तर ६९.३० हाही उमेदवार पास होतो, कारण सगळी शिखरं त्याच्या पटीत बसतात. दुसऱ्या बाजूने पाहिलं की त्याचे निम्मे हार्मोनिक रिकामे निघतात आणि तो मागे पडतो. मुंबईच्या आयआयटीत विश्वेश्वर राव आणि प्रीती राव यांनी २०१० मध्ये हिंदुस्थानी गायनासाठी नेमकी हीच पद्धत वापरली, आणि हार्मोनियमसारखं सुरेल वाद्य साथीला असेल तिथे दोन सुरांचा माग एकाच वेळी ठेवला. गळ्याचा माग थरथरतो, वाद्याचा स्थिर राहतो, या फरकावर कोणता माग गळ्याचा ते ठरवता येतं.

तबल्याचा दायाँही सुरात लावलेला असतो. त्याचे पहिले काही पार्शल शाईमुळे जवळजवळ हार्मोनिक होतात. ना किंवा तिं वाजला की क्षणभर सा उमटतो. आघात ओळखून पुढच्या दोन-तीन फ्रेमवर विश्वास कमी करा.

पायरी ८: रेघ साफ करणं

आलेली उत्तरं आधी सेंटमध्ये बदला, मग पाच फ्रेमांचा मीडियन लावा. एकटीदुकटी सप्तकाची उडी त्यात नाहीशी होते. सरासरी लावू नका. १२०० सेंटांची एक चूक सरासरीत शेजारच्या चार बरोबर उत्तरांनाही ओढून नेते. पाच फ्रेमांच्या मीडियनने दोन फ्रेमांचा उशीर वाढतो, २५६ च्या अंतराने सुमारे ११ मिलिसेकंद. यापेक्षा जास्त गुळगुळीत करण्याचा मोह आवरा. गमक सेकंदाला पाच-सहा हेलकाव्यांची असते. ३०-४० फ्रेमांचा फिल्टर लावला की पडद्यावर सुंदर सरळ रेघ येते आणि गाणाऱ्याने घेतलेली गमक तिच्यात उरत नाही. शिकणाऱ्याला दाखवायच्या आलेखात तर हे अजिबात चालणार नाही, कारण तो त्या रेघेवर विश्वास ठेवणार असतो.

पायरी ९: न्यूरल नेटवर्क कधी

क्रेप हे २०१८ चं नेटवर्क. १६,००० सॅम्पल रेटला १०२४ सॅम्पल घेतं, म्हणजे ६४ मिलिसेकंदांची विंडो, आणि २०-२० सेंटांवरच्या ३६० जागांपैकी सूर कुठे आहे ते सांगतं. आजूबाजूच्या जागांची भारित सरासरी घेतली की २० सेंटांहून बारीक उत्तरही मिळतं. गोंगाटात ते यिनपेक्षा खूप चांगलं टिकतं. पण विंडो मोठी, पूर्ण मॉडेल जड आणि पार्शलबद्दल ते काहीच सांगत नाही. लाइव्हसाठी त्याचं सर्वांत छोटं रूप घ्या. २०२३ चं पेस्टो त्याहून कितीतरी हलकं आहे.

नेटवर्क घेतलंत तरी पायरी ३ चे आवाज त्याला ऐकवाच, विशेषतः मूळ कंपन काढलेला खर्ज आणि तंबोरा मिसळलेला सा. मग त्याच फाइलींवर एमपीएम चालवा. आकडे एकाच कागदावर लिहा: १० सेंटांच्या आत किती, सप्तक किती वेळा चुकलं, शांततेत सूर किती वेळा दिसला, सा वरून तार सा वर पोचायला किती मिलिसेकंद लागले. गाणाऱ्याचा माइक तोंडाजवळ आणि तंबोरा इअरफोनमध्ये असेल, तर एमपीएम आणि पाचाचा मीडियन घेऊन पुढच्या कामाला लागा. माइक दूर असेल आणि खोलीत पंखा चालू असेल, तर नेटवर्कचा खर्च वसूल होतो.